हनुवटीखालचं बोट

४ मार्च

मुली,

हे पत्र माझंच आहे. अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण तू माझं अक्षर कधी पाहिलेलंच नाहीस. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मीही पाहिलेलं नव्हतं.

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते आता वाचून मला ठाऊक झालंय. पण तू चार वर्षं माझ्याशी बोललेली नाहीस. आशीर्वादाने सुरुवात केली तर तू पुढचं वाचणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. म्हणून नुसतं 'मुली'.

जावईबापूंचा फोन आला होता. त्यांच्यावर रागावू नकोस. तुला मुलगी झाली हे मला तीन महिन्यांनी कळलं. बरं, तेही मी गिळलं. पण मग ते म्हणाले, "आई, बाळाचे डोळे हलतायत. हिच्यासारखेच. इकडून तिकडे, इकडून तिकडे." माझ्या हातात एका गिऱ्हाइकाचे फोटो होते कापायचे. ते तसेच राहिले.

मी विचारलं, ती कशी आहे? म्हणाले, "रडत नाही. नुसती बाळाकडे बघत बसते." मी म्हटलं, मी उद्याच निघते. तर म्हणाले, "ती नको म्हणते. म्हणते, आई आली की आधी बाळाची मान सरळ करील."

हे वाक्य मी आठ दिवस चघळते आहे.

मी तुझी मान सरळ करायचे हे खरं. कुठली आई करणार नाही? समोरच्याशी बोलताना तू चेहरा उजवीकडे फिरवायचीस आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे बघायचीस. लोक म्हणायचे, पोरगी नजर चोरते. कोणी म्हणायचं, शिष्ट आहे. आपला धंदा फोटोचा. माझं दिवसभराचं काम काय, तर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली बोट लावायचं, चेहरा समोर आणायचा, "सरळ बघा" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. मग तुझे बाबा बटण दाबायचे. गावभराच्या माना सरळ करायच्या आणि घरच्या पोरीची वाकडी ठेवायची?

डॉक्टरांनी तेव्हा काही सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. इलाज नाही, चष्मा द्या, वर्गात पुढे बसवा, एवढंच म्हणाले होते.

मला बाळाला एकदा बघायचंय. मांडीवर घ्यायचंय. माझं मागणं तेवढंच आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहिलं. अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. तुला वाचायला त्रास होऊ नये.

आई


१९ मार्च

मुली,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागचं पाकीट टपालात दिलं तेव्हा खिडकीतली बाई म्हणाली, "आजी, वीट घातलीय का आत?" मी म्हटलं, पत्र आहे लेकीला. तर म्हणे, "मग एवढं काय लिहिलंय?" मी म्हटलं, फार काही नाही, अक्षरं जाडी आहेत. एका पानात आठ ओळी बसतात. नवव्या ओळीला कागद संपतो आणि मला वाटतं की मी फार बोलले.

तुला प्रश्न पडला असेल की ही अंगठाबहाद्दर बाई लिहायला कधी शिकली. तर ऐक. बाबा असताना पाकिटांवर नावं ते लिहायचे. मला वाचायची गरज पडायची नाही. गिऱ्हाईक आलं की पाकीट उघडायचं, आतला चेहरा बाहेरच्या चेहऱ्याशी ताडून बघायचा, जुळला की द्यायचं. बाबा गेल्यावर दुकान मी चालवायला घेतलं. कॅमेरा आता सोपा झालाय, आणि नावं गिऱ्हाइकांनाच लिहायला सांगायची. एकदा घाईत मी एका वकिलाला एका पैलवानाचे फोटो दिले. दोघेही टकले आणि जाड मानेचे, मी तरी काय करणार? पैलवान हसला. वकील हसला नाही. म्हणाला, "बाई, पाकिटावर नाव स्वच्छ लिहिलंय."

त्या दिवशी मी माळ्यावरून तुझी शाळेची पुस्तकं काढली. ती मोठ्या अक्षरांची, तुझ्यासाठी शाळेने खास मागवलेली. अंगठ्याएवढी अक्षरं. तुझ्या डोळ्यांसाठी होती, माझ्या डोक्यालाही चालली. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी 'क' गिरवला. शेजारचे चष्मेवाले तपासायचे. त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी पाटी घेऊन जायची. म्हणायचे, "वहिनी, तुमचा 'क' पोट पुढे काढून चालतोय." मी म्हणायची, "तुमच्यासारखाच की."

आता ग्रंथालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. सगळं कळतं असं नाही. पण थांबत नाही.

जावईबापूंचा परवा पुन्हा फोन आला. पत्र मिळालं म्हणाले. मी विचारलं, वाचलं का तिने? म्हणाले, "माहीत नाही आई. पण फाडलं नाही."

एवढ्यावर मी हे दुसरं लिहायला घेतलं.

आई


२ एप्रिल

मुली,

चष्मेवाल्यांना बाळाचं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक पातळ माहितीपत्रक काढून दिलं. वर लिहिलं होतं, निस्टॅग्मस. हा शब्द मला दोन दिवस पुरला. पहिल्या दिवशी वाटलं, कुणा परदेशी माणसाचं नाव आहे.

बारा पानं आहेत. चार दिवस लागले. तुला हे सगळं माहीत असणार, तू ते जगलीस. पण मला माहीत नव्हतं, म्हणून मला काय कळलं ते लिहिते.

डोळे आपणहून हलतात. श्वास चालतो तसे. माणसाने ठरवून थांबत नाहीत, आणि 'हलवू नकोस' म्हटलं की जास्त हलतात. थकवा आला, काळजी लागली, कोणी टक लावून बघितलं, तरी वाढतात. जन्मापासून असेल तर त्या माणसाला जग हलताना दिसत नाही, कारण डोक्याने लहानपणीच सांभाळून घेतलेलं असतं. दिसतं ते कमी दिसतं, पुसट दिसतं.

आणि आठव्या पानावर लिहिलंय, अशा पुष्कळ माणसांची एक दिशा असते. त्या दिशेला बघितलं की डोळे सगळ्यात शांत होतात. म्हणून ती माणसं मान वळवून ती दिशा समोर आणतात. मान वळवली की त्यांना सगळ्यात चांगलं दिसतं.

हे मी तीनदा वाचलं. मग पत्रक घेऊन चष्मेवाल्यांकडे गेले. म्हटलं, "भाऊजी, हे आठवं पान खरं आहे का?"

ते भिंग पुसत होते. म्हणाले, "तुमच्याकडे जुना रेडिओ आहे ना? आवाज स्वच्छ येईपर्यंत त्याचं चाक फिरवता ना? तशी ती मान फिरवते."

"आणि आवाज लागल्यावर कोणी येऊन ते चाक परत मध्ये आणून ठेवलं तर?"

"तर खरखर."

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कुठे माहीत होतं?"

मी पाणी प्यायले.

आणखी एक. ते म्हणाले की बाळाला डोळ्यांच्या डॉक्टरांना नीट दाखवा. तुझ्यासारखंच असेल असं धरून बसू नका, कधी कधी कारण वेगळं असतं. तू दाखवलं असशीलच. माझ्या आधी तुला सुचतं.

आई


२० एप्रिल

मुली,

आज एक जुनी गोष्ट कबूल करते. माहितीपत्रक वाचल्यापासून ती माझ्या मागे लागली आहे.

तुला ते कासवाचं पुस्तक आठवतं? निळं, कोपरा कुरतडलेलं. तू चार-पाच वर्षांची असताना मी ते तुला वाचून दाखवायची. वाचून म्हणजे काय, पुस्तक उघडून धरायची आणि चित्रं बघून मनाने सांगायची. तुला अक्षरं दिसत नव्हती आणि मला येत नव्हती. आपली जोडी छान जमली होती. कधी कासव तळ्यात पडायचं, कधी बाजाराला जायचं, एकदा त्याचं आपल्याच बायकोशी भांडण झालं आणि ते पाठीवर घर घेऊन माहेरी निघून गेलं. तू इतकी हसलीस की बाबा बाहेरून बघायला आले.

मग एकदा तू विचारलंस, "आई, हे पुस्तक दर वेळी वेगळं का असतं?"

मला सांगता आलं असतं की मला वाचता येत नाही. तू काही मला हसली नसतीस. पण मला लाज वाटली. आपल्या पोरीसमोर. मी म्हटलं, "तुझे डोळे हलतात ना, म्हणून."

मी पान उलटलं.

त्यानंतर किती वर्षं तू तसं धरून चाललीस, मला माहीत नाही. तिसरीत बाईंनी तक्रार केली होती की ही वाचलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासते, गोष्ट बदलली का बघते. बाईंना वाटलं, मुलीला नाद आहे. बाबांनाही कळलं नाही. मला कळलं होतं.

ते पुस्तक मी आता वाचलं. कासव कुठेच जात नाही गं. सगळं पुस्तकभर झोपलेलं असतं.

आई


६ मे

मुली,

काल दुकानातलं मागचं कपाट काढलं. बाबांचा पत्र्याचा डबा आहे ना, लांबट, बिस्किटांचा. मी तो पुसून पुसून परत ठेवायची. आत फोटो आहेत हे माहीत होतं. पाठीमागे काही लिहिलंय हेही दिसायचं. पण बाबा सगळ्याच फोटोंच्या मागे काहीतरी लिहायचे. दिव्याचं, उजेडाचं, कुठला कागद वापरला त्याचं. मला वाटलं, तसलंच असेल.

काल वाचलं.

तुझे फोटो आहेत. दर वर्षी दोन. एक सरळ, माझ्या बोटाने केलेला. दुसरा मी दुकानात नसताना काढलेला, चेहरा उजवीकडे, डोळे डावीकडे. पाठीमागे बाबांचं अक्षर: 'मैना, वय ५. समोर. डोळे पुसट.' 'मैना, वय ५. तिच्या पद्धतीने. डोळे स्वच्छ.' मग वय ६, मग ७. सतरापर्यंत.

आपल्याकडे दिव्यांच्या उजेडात फोटो काढायचे, तुला आठवत असेल. 'हलू नका' म्हणून माणसाला जरा थोपवून धरावं लागायचं. तेवढ्या वेळात सरळ फोटोतले तुझे डोळे वाहून गेलेत, ओल्या बोटाने शाई पुसावी तसे. आणि दुसऱ्या फोटोंत पापणीचा केस न् केस दिसतो. त्यांचा धंदाच तो. एक फोटो काढल्याबरोबर त्यांना कळलं असणार. ते जेवताना कायम तुझ्या डाव्या हाताला बसायचे, तेही मला आता कळतंय. तिकडे बघायला तुला मान फिरवावी लागत नव्हती. मी समोर बसायची. मला बघायचं तर तुला चेहरा वळवावा लागायचा, आणि वळवलास की मी म्हणायची, सरळ बस.

वय ९ च्या फोटोमागे एक ओळ जास्त आहे. 'हिच्या आईला दाखवायचं.'

मी तुला पटकन लिहिणार होते की त्यांनी मला कधी दाखवलंच नाही. तसं अर्धं पान लिहिलंही. ते फाडलं.

त्यांनी दाखवलं होतं. मी भाजी चिरत होते. ते दोन्ही फोटो घेऊन आले, ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "जरा बघ ना. काही फरक वाटतो का?" मी बघितलं. म्हटलं, "हा वाकडा आलाय. फेकून द्या." ते म्हणाले, "बरं." दोन्ही उचलून घेऊन गेले.

मला वाचता येत नव्हतं. पण फोटो तर दिसत होता.

आई


११ मे

मुली,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. डॉक्टर काही बोलले नाहीत म्हणून.

तू दोन वर्षांची होतीस. बाबा औषधाचा कागद घ्यायला बाहेर गेले होते. खोलीत मी, तू आणि डॉक्टर. ते तुझ्याशी खेळत होते, हातातला दिवा इकडे तिकडे नेत होते. मग मला म्हणाले, "बाई, ही मान वळवून बघते, तर बघू द्या. सरळ करत बसू नका." साधं वाक्य. आपल्याच भाषेतलं. वाचायला नको की लिहायला नको.

मी "हो" म्हटलं. घरी येताना बाबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, इलाज नाही म्हणाले.

का तसं म्हटलं, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलंय. एकच उत्तर सापडतं. डोळे माझ्या हातात नव्हते. मान होती. इलाज नाही म्हटल्यावर मी हातात येईल ते धरलं. वाटायचं, निदान चेहरा सरळ असला तर लांबून कोणाला कळणार नाही. लोकांच्या नजरेला भिऊन मी तुझी नजर काढून घेतली. चष्मेवाले म्हणाले, तुम्हाला कुठे माहीत होतं. मला माहीत होतं गं.

आता तो दिवस. तू तो विसरली नसशील, पण मी तो कधी तोंडातून काढलेला नाही.

बाबा पहाटे गेले. तू दुपारी आलीस. बाहेरच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. दाराशी चपलाच चपला होत्या. लोकांनी तुला वाट करून दिली. तू त्यांच्या पलंगाशी उभी राहिलीस. तू रडत नव्हतीस. चेहरा उजवीकडे वळवलास, आणि डोळे त्यांच्याकडे लावलेस. मागून कोणीतरी म्हणालं, "बापाकडे बघतसुद्धा नाही."

आणि माझं बोट उठलं. तुझ्या हनुवटीखाली गेलं. मी म्हटलं, "सरळ बघ."

तू माझा हात धरून खाली केलास. हळू आवाजात म्हणालीस, "आई, मला दिसू दे ना."

मी म्हटलं, "लोक बघतायत." आणि पुन्हा बोट लावलं.

दुसऱ्यांदा तू हात काढला नाहीस. तशीच राहिलीस, सरळ, मला हवी होती तशी. तुझे डोळे इतके हलत होते की मला बघवेना. मग त्यांना न्यायला माणसं आत आली. तू तिथून गेलीस ती गेलीस.

सरळ बघून तुला काय दिसलं असेल, हे मला आठव्या पानापर्यंत माहीत नव्हतं असं म्हणायची मला फार इच्छा होते.

क्षमा माग म्हणून तू कधी म्हटलं नाहीस. मी मागतही नाही. ती मागितली की तुला द्यावी की देऊ नये, याचा विचार करावा लागेल, आणि तुझ्या घरात आता एक तान्हं बाळ आहे. तेवढं काम पुरे.

उद्या डबा पार्सलने पाठवते. तुझ्या पद्धतीचे तेरा फोटो. सरळ तेरा मी माझ्याकडे ठेवले आहेत. ते माझे आहेत.

आई


३० मे

मुली,

तुझं पाकीट मिळालं.

आधी मी ते उघडलं नाही. गल्ल्याजवळ ठेवलं. तीन गिऱ्हाइकं झाली. एक मुलगी होती शाळेतली, तिला खुर्चीत बसवलं तर तिची मान जरा एका बाजूला. माझं बोट वर यायला लागलं. मी तो हात दुसऱ्या हाताने धरला. मुलीची आई म्हणाली, "काय हो, हात दुखतोय का?" मी म्हटलं, हो, जुनं दुखणं आहे. मग विचारलं, बाळ, तुला असंच बसायला बरं वाटतं का? ती म्हणाली, "माझ्या कानात ठणका लागलाय." तिघीही हसलो. पण विचारलं ना मी.

ती गेल्यावर पाकीट उघडलं. आत एकच ओळ होती. जाड पेनाने, मोठ्या अक्षरांत. तू माझ्यासाठी मोठं लिहिलंस की तुला तशी सवयच आहे, ठाऊक नाही.

'बाबा त्या दिवशी कसे दिसत होते?'

चार दिवस मी याचं उत्तर मनात लिहिते आहे. आता कागदावर लिहिते. चेहरे बघणं हे माझं आयुष्यभराचं काम. त्यांचा चेहरा मी सकाळपासून दुपारपर्यंत बघितला. तुझ्या वाट्याचाही मीच बघितला.

दाढी चष्मेवाल्यांनी केली होती. डाव्या कानाखाली थोडे केस राहून गेले. पांढरे, मिठासारखे. नाकावर चष्म्याचे दोन खड्डे होते, तांबूस. चष्मा काढून किती तास झाले तरी ते बुजले नव्हते. मला वाटलं होतं की बुजतील.

कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. त्यामुळे ते लहान दिसत होते, लग्नातल्या फोटोपेक्षाही लहान. उजवा डोळा नीट मिटला होता. डावा मिटेना. मी दोनदा पापणी खाली ओढली, तरी बारीकशी फट राहिली. फोटो घेताना ते एक डोळा बारीक करायचे ना, तसं काहीसं. ओठ बंद होते. तोंडाचा एक कोपरा किंचित वर होता. हसत होते असं म्हणणार नाही. 'बरं' म्हणताना त्यांचं तोंड व्हायचं, तसं.

हात छातीवर होते. उजव्या अंगठ्याच्या नखात फोटो धुवायच्या औषधाचा तपकिरी डाग, जो कधीच निघाला नाही. तू लहानपणी म्हणायचीस, बाबांच्या बोटाला गंज लागलाय. तो डाग तसाच होता. शर्ट निळा, बारीक रेघांचा, खिशाची शिवण उसवलेली. खिशात तुझ्या बसच्या तिकिटाचा तुकडा होता, मागच्या खेपेचा. तो मी तिथेच राहू दिला. त्यांच्याबरोबर गेला.

हे सगळं तुला त्या दिवशी दिसलं असतं.

आता राहिलेलं. हे मी चष्मेवाल्यांनाही सांगितलेलं नाही.

पहाटे ते गेले तेव्हा त्यांची मान आपोआप एका बाजूला कलली होती. डावीकडे, दाराकडे. तू नंतर जिथे येऊन उभी राहिलीस त्याच बाजूला. तू आलीस तेव्हा त्यांचा चेहरा तुझ्याकडे असता. तू मान वळवली असतीस आणि ते तुझ्या समोर असते.

लोक यायला लागणार होते. मी त्यांच्या हनुवटीखाली बोट लावलं, आणि त्यांची मान सरळ केली. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या घड्या लावल्या, पुन्हा कलू नये म्हणून.

मैने, मी तुला या नावाने कधी हाक मारली नाही. ते त्यांचं होतं. एकदाच लिहिते.

चष्मेवाले म्हणतात, बाळाची शांत दिशा कुठली, ते कळायला वेळ लागतो. महिने लागतील, वर्षही लागेल. मी थांबेन. कळली की मला एवढंच लिही, उजवी की डावी. म्हणजे कुठे बसायचं ते मला कळेल.

आई